अकरा म्हणाले, सात निघाली: एग फ्रीझिंग क्लिनिकचा माझा रिव्ह्यू

आधी मार्क सांगते, मग बाकीचं. लॅबला पाचपैकी पाच. नर्सेसना पाचपैकी पाच. डॉक्टरांना साडेतीन. काउन्सेलिंगला दोन, आणि त्यातलाही एक मार्क फक्त एका एम्ब्रियॉलॉजिस्टमुळे (लॅबमध्ये बीजं आणि भ्रूण हाताळणारी तज्ज्ञ), जिचं खरंतर ते कामही नव्हतं.

मी ३६व्या वर्षी एग फ्रीझिंग केलं, म्हणजे पुढे मूल व्हावं म्हणून स्वतःची स्त्रीबीजं काढून गोठवून ठेवली. दोन सायकल झाल्या, म्हणजे इंजेक्शनांपासून बीजं गोठवण्यापर्यंतच्या दोन फेऱ्या, दोन्ही एकाच क्लिनिकमध्ये. आजारपण काही नव्हतं, केमो घ्यायची होती किंवा अंडाशयाचं ऑपरेशन होणार होतं असलं काही नाही. मला मूल हवंय, आत्ता नाही, आणि ज्याच्यासोबत हवं असा माणूस आत्ता आयुष्यात नाही. एवढंच कारण. क्लिनिकचं नाव लिहीत नाहीये, कारण मी जे सांगणारे ते एका क्लिनिकपुरतं नाही असं इतर बायकांशी बोलल्यावर लक्षात आलंय, आणि नाव लिहिलं की सगळी चर्चा नावावरच जाते.

पहिल्या दिवशी काउन्सेलरने मला बसवलं आणि पहिलाच प्रश्न, करिअरसाठी थांबताय का? मी नाही म्हटलं तरी तिने फॉर्मवर करिअर असंच लिहिलं, मला उलटं दिसत होतं ते. मला हे खूप लागलं. सगळीकडे हेच बोललं जातं की बायका प्रमोशनसाठी मूल पुढे ढकलतात, २०१४ मध्ये फेसबुक आणि ॲपलने कर्मचाऱ्यांच्या एग फ्रीझिंगचा खर्च देऊ असं जाहीर केलं तेव्हापासून तर हा समज घट्टच बसला. पण मार्शिया इनहॉर्न नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिका आणि इस्रायलमधल्या दीडशे बायकांशी सविस्तर बोलून जे मांडलं ते अगदी वेगळं आहे, त्यातल्या बहुसंख्य बायकांना जोडीदारच नव्हता, कुणाचं नातं तुटलेलं, कुणाचा घटस्फोट, कुणाला मनासारखा माणूस भेटलाच नाही. मी त्यातलीच एक. जिथे रोज अशा बायका येतात तिथल्या माणसाला हे माहीत नसावं? फॉर्मवर जोडीदाराच्या नावाचा रकाना होता तो मी रिकामा सोडला तर रिसेप्शनवरून दोनदा फोन आला की मॅडम एक कॉलम राहिलाय. दुसऱ्या वेळी मी सांगितलं की तो राहिला नाहीये, तो तसाच आहे.

टेस्ट मात्र नीट केल्या. एएमएच या हार्मोनसाठी रक्त काढलं आणि पाळीच्या दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी करून दोन्ही अंडाशयात मिळून किती लहान फॉलिकल, म्हणजे ज्यात बीज वाढतं त्या पाण्याच्या पिशव्या, दिसतात ते मोजलं. माझं एएमएच १.४ आलं, फॉलिकल नऊ. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या जी मला तिसऱ्या डॉक्टरने सांगितली (दर सोनोग्राफीला वेगळे डॉक्टर, साडेतीन मार्क त्याचेच): एएमएच फक्त संख्येचा अंदाज देतं, औषधं दिल्यावर साधारण किती बीजं हाती लागतील एवढंच. ती चांगली आहेत की नाही हे त्यात कळत नाही, ते मुख्यतः वयावर असतं. आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर एएमएच कमी दिसू शकतं, त्यामुळे गोळ्या घेत असाल तर टेस्टच्या आधीच सांगा, मला कुणी विचारलं नव्हतं, मीच सांगितलं की घेत नाही.

इंजेक्शनांची भीती ज्यांना वाटते त्यांना सांगते, ती भीती मलाही होती आणि तोच भाग सगळ्यात सोपा गेला. सिस्टरने पहिल्या दिवशी अर्धा तास दिला, ताई पोट सैल सोडा, चिमटीत धरा, सुई सरळ आत, दहापर्यंत मोजा मग काढा, आणि माझ्याकडून तिच्यासमोर करून घेतलं. रोज संध्याकाळी एफएसएचचं, म्हणजे फॉलिकल वाढवणाऱ्या हार्मोनचं, पेनसारखं इंजेक्शन, पाच-सहा दिवसांनी सकाळी अजून एक सुरू होतं, ते बीजं वेळेआधी सुटून जाऊ नयेत म्हणून. ते दुसरं झोंबतं आणि टोचल्या जागी लाल होऊन खाज येते, थोड्या वेळाने जातं. एकूण दहा-बारा दिवस. मधे दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी आणि रक्त. शेवटच्या तीन दिवसांत पोट असं जड होतं की वाकून चप्पल घालतानाही कळतं, आणि धावणं, उड्या मारणं, जोराचा व्यायाम पूर्ण बंद, कारण अंडाशय सुजून मोठं झालेलं असतं आणि त्याला पीळ पडू शकतो. हे मला नर्सने सांगितलं. डॉक्टरने नाही.

वेटिंग हॉलबद्दल मात्र तक्रार आहे. गरोदर बायका, वर्षानुवर्षं आयव्हीएफ करून थकलेली जोडपी आणि माझ्यासारख्या एकट्या आलेल्या, सगळ्या एकाच हॉलमध्ये, सकाळी दोन-दोन तास. माझ्या शेजारची बाई रडत होती, तिचा रिपोर्ट आला होता, आणि समोरच्या भिंतीवर वेळ थांबवा अशा अर्थाचं गोड पोस्टर. मला ते पोस्टर बघवेना. वेळ थांबत नाही हो. बीजाचं वय थांबतं, ते गोठवलं त्या दिवशी जेवढं होतं तेवढंच राहतं, हे खरंय. पण बाकी शरीराचं वय वाढतच राहतं आणि गरोदरपणातलं बीपी, गरोदरपणातली शुगर यांचा धोका वयाबरोबर वाढतो, गोठवलेलं बीज वापरलं तरी तो वाढतोच. हे पोस्टरवर नाही तर नाही, निदान काउन्सेलिंगमध्ये तरी यायला हवं होतं, ते आलं नाही, मी नंतर स्वतः वाचलं.

आता ट्रिगर शॉट. फॉलिकल १८-२० मिलिमीटरच्या आसपास झाली की शेवटचं एक इंजेक्शन असतं ज्याने बीजं पूर्ण पिकतात, आणि त्याच्यानंतर साधारण ३६ तासांनी ती काढायची असतात, उशीर झाला तर ती सुटून जातात आणि सगळी मेहनत वाया. माझी वेळ रात्री साडेदहाची होती. सव्वादहाला क्लिनिकमधून फोन, ताई औषध फ्रीजमधून काढलं का, साडेदहाला परत फोन, घेतलं का, आणि नंतर मी वापरलेल्या सुईचा फोटो पाठवायचा. या एका गोष्टीसाठी मी या क्लिनिकला कायम चांगलं म्हणेन. एकटीने हे करताना रात्री कुणीतरी पलीकडे जागं आहे हे फार मोठं असतं.

बीजं काढायचा दिवस. उपाशीपोटी जायचं, सोबत एक माणूस लागतोच, कारण भूल दिलेली असते आणि एकटीला सोडत नाहीत. माझी मैत्रीण आली. पोट कापत नाहीत, हे खूप जणींना माहीत नसतं, योनीमार्गातून सोनोग्राफीच्या प्रोबसोबत एक लांब सुई जाते आणि एकेका फॉलिकलमधलं पाणी ओढून घेतात, त्या पाण्यात बीज असतं. पंधरा-वीस मिनिटांचं काम. मला काहीच कळलं नाही, डोळे उघडले तर रिकव्हरीत होते आणि हाताच्या पाठीवर पेनाने लिहिलं होतं, ११.

आणि इथेच माझी खरी तक्रार सुरू होते.

अकरा. डॉक्टर आले, अभिनंदन म्हणाले, अकरा म्हणजे तुमच्या एएमएचला उत्तम. काउन्सेलर आली, तिने मिठी मारली, अकरा, बघा इन्शुरन्स झाला तुमचा. मैत्रीण रडली, मी रडले, मी घरी आईला फोन करून अकरा सांगितलं. रात्रभर पोट दुखत होतं पण मी त्या आकड्याला धरून झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारी ॲपवर नोटिफिकेशन आलं, सात फ्रोझन. बस. एवढंच. ना फोन, ना काही. मला वाटलं चार हरवली, फुटली, कुणाच्या हातून पडली. तीन तास मी क्लिनिकला फोन लावत होते.

झालं काहीच नव्हतं. काढलेली सगळी बीजं पिकलेली नसतात. लॅबमध्ये भोवतीच्या पेशी काढून मायक्रोस्कोपखाली बघितलं की कळतं कुठली मॅच्युअर आहेत, आणि गोठवतात ती फक्त मॅच्युअर. अकरातली सात हा नेहमीचा हिशेब आहे, त्यात काही वाईट नाही. मग मला हे आधी का नाही सांगितलं? दहा दिवसांत पाच वेळा तुम्ही मला भेटलात. हातावर आकडा लिहायला पेन होतं तर हे एक वाक्य बोलायला काय हरकत होती, की उद्या हा आकडा कमी होईल, घाबरू नका. मी आजही त्या तीन तासांबद्दल बोलताना माझा आवाज चढतो.

फोनवर शेवटी जी आली ती एम्ब्रियॉलॉजिस्ट. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, उद्या या, मी तुम्हाला कागदावर दाखवते. दुसऱ्या दिवशी तिने तिच्या जेवणाच्या सुट्टीत मला चाळीस मिनिटं दिली. मी तिला विचारलं, सात म्हणजे किती बाळं? ती म्हणाली, आपण उलटं नको, सुलटं मोजूया. आणि तिने लिहायला सुरुवात केली. समजा दुसऱ्या सायकलनंतर तुमची तेरा-चौदा बीजं झाली. वितळवताना सगळी टिकत नाहीत, चांगल्या लॅबमध्ये बरीचशी टिकतात, धरा अकरा-बारा. मग प्रत्येकात एकेक शुक्राणू सोडावा लागतो, इक्सी म्हणतात त्याला, कारण गोठवल्याने बीजाचं कवच कडक होतं. त्यातली साधारण सत्तर टक्के फलित होतात, धरा आठ. आठातली पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत निम्मीच पोचतात, चार. तुमच्या वयाला त्या चारांतल्या दोनच्या आसपास भ्रूणांचे क्रोमोसोम बरोबर असतील. आणि बरोबर असलेलं प्रत्येक भ्रूण रुजतंच असं नाही. मग तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, यात एका बाळाची चांगली शक्यता आहे. दोनाची कमी आहे. खात्री एकाचीही नाही.

मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की माझ्याशी कुणीतरी मोठ्या माणसासारखं बोललं. मी घाबरले नाही उलट. दुसरी सायकल करायची की नाही हे मी त्या कागदावरून ठरवलं, इन्शुरन्स या शब्दावरून नाही. इन्शुरन्समध्ये हप्ता भरला की ठरलेली रक्कम मिळते, इथे तसं काही ठरलेलं नसतं, तो शब्द या धंद्यातून काढूनच टाकला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

नंतर मी स्वतः शोधलं. २०१७ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी एक अंदाजाचं गणित मांडलं होतं, वीस मॅच्युअर बीजं असतील तर निदान एक मूल होण्याची शक्यता ३४व्या वर्षी गोठवली असतील तर ९० टक्के, ३७व्या वर्षी ७५, आणि ४२व्या वर्षी ३७ टक्के. तीच वीस बीजं, फक्त वय वेगळं. हे मॉडेलचे आकडे. प्रत्यक्ष परत आलेल्या बायकांचे आकडे न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या सेंटरने २०२२ मध्ये छापले, ५४३ पेशंट, गोठवताना सरासरी वय ३८ च्या वर, आणि त्यात मूल झालं ३९ टक्के जणींना, ३८ च्या आत गोठवलेल्यांमध्ये ५१ टक्के. काउन्सेलरच्या टेबलावर असा कुठलाही कागद नव्हता, तिच्याकडे बाळांच्या फोटोंचा अल्बम होता. फोटो खरे असतील. पण ज्यांचे फोटो नाहीत त्या किती, हे विचारल्यावर तिने विषय बदलला.

दुसरी सायकल तीन महिन्यांनी. आठ निघाली, सहा मॅच्युअर. या वेळी हातावर काही लिहू नका असं मी आधीच सांगितलं होतं आणि त्यांनी ऐकलं. एकूण तेरा.

लॅबबद्दल थोडं, कारण पाच मार्क उगाच दिले नाहीत. बीज ही माणसाच्या शरीरातली सगळ्यात मोठी पेशी आणि तिच्यात पाणी भरपूर, त्यामुळे हळूहळू गोठवलं की आत बर्फाचे कण होऊन ती फाटते. गोठवलेल्या बीजापासून पहिलं बाळ १९८६ मध्ये झालं, ऑस्ट्रेलियात डॉ. ख्रिस्तोफर चेन यांनी केलं ते, पण नंतर कितीतरी वर्षं हे भरवशाचं होत नव्हतं ते याच कारणाने. आता व्हिट्रिफिकेशन करतात, म्हणजे इतक्या झटकन गोठवायचं की बर्फ व्हायला वेळच मिळत नाही, काचेसारखं होतं, आणि मग द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर. अमेरिकेतल्या प्रजनन डॉक्टरांच्या संघटनेने या तंत्रावरचा प्रायोगिक हा शिक्का २०१२ मध्ये काढला. मी हे सगळं त्याच एम्ब्रियॉलॉजिस्टला विचारलं आणि वर हेही विचारलं की टाकी बंद पडली तर? कारण मार्च २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि क्लीव्हलंड अशा दोन शहरांत एकाच वीकेंडला टाक्या बिघडल्या होत्या आणि हजारो बीजं-भ्रूण त्यात होते, एकट्या क्लीव्हलंडलाच चार हजारांच्या वर. तिने मला काचेतून टाक्या दाखवल्या, पातळी रोज माणूस बघतो त्याची सह्यांची वही दाखवली, अलार्म रात्री कुणाच्या फोनवर जातो ते सांगितलं, आणि माझी बीजं दोन वेगळ्या टाक्यांत ठेवायची सोय करून दिली. तुम्ही जाल तिथे हे विचाराच, आणि वही दाखवायला जो काचकूच करेल तिथे देऊ नका.

पैशाचं सांगते, आकडे नाही, रचना. पॅकेज म्हणून जे सांगतात त्यात इंजेक्शनं नव्हती, आणि तीच सगळ्यात महाग. भूल देणाऱ्या डॉक्टरांची फी वेगळी. पहिल्या वर्षानंतर ठेवायचं भाडं दरवर्षी वेगळं. आणि उद्या वापरायची वेळ आली की वितळवणं, इक्सी, भ्रूण वाढवणं, आत सोडणं, याचं पुन्हा सगळं वेगळं, ते तर कुणी बोललंच नाही, जणू बीज फ्रीजमधून काढून घरीच न्यायचंय. सोबत सप्लिमेंटची लांबलचक यादी दिली, त्यातल्या निम्म्या गोष्टींचा उपयोग होतो याला पक्का पुरावा नाही असं तिथल्याच दुसऱ्या डॉक्टरांनी मला नंतर शांतपणे सांगितलं. फॉलिक ॲसिड ठेवलं, बाकी बंद केलं.

संमतीच्या फॉर्मवर दोन शब्द लिहायलाच हवेत. त्यात एक पान होतं, तुमचा मृत्यू झाला तर या बीजांचं काय करायचं. तुम्ही भाडं भरलं नाही तर. तुम्हाला नको असतील तर: नष्ट, संशोधनाला, की दुसऱ्या बाईला. त्याला खूण करायला मला काउंटरवर उभ्याने पाच मिनिटं दिली होती, मागे रांग. मी फॉर्म घरी नेला. किती वर्षं ठेवता येतात हा नियमही देशागणिक वेगळा आहे, ब्रिटनमध्ये पूर्वी १० वर्षं होती ती १ जुलै २०२२ पासून ५५ पर्यंत वाढवली, दर दहा वर्षांनी संमती नव्याने द्यायची, भारतात २०२१ च्या कायद्याने १० वर्षं. जिने तिशीच्या आत गोठवली तिच्यासाठी हा फरक केवढा आहे बघा. हे मला कुणी सांगितलं नाही, फॉर्मच्या अकराव्या पानावर बारीक अक्षरात होतं.

मी आठवडाभर तो कागद टेबलावर ठेवला. मृत्यूसमोर नष्ट लिहिलं. नको असतील तर समोर आधी नष्ट लिहिलं, मग खोडलं, संशोधन लिहिलं. अजून न झालेल्या कुणाबद्दल इतका वेळ विचार मी कधीच केला नव्हता.

त्रास कुणाला जास्त होऊ शकतो तर ज्यांना पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) आहे, किंवा ज्यांची खूपच बीजं तयार होतात त्यांना, औषधांनी अंडाशय प्रमाणाबाहेर सुजतं, त्याला ओएचएसएस म्हणतात, पोटात पाणी होतं, वजन एक-दोन दिवसांत भराभर वाढतं, लघवी कमी होते, धाप लागते. असं काही झालं तर सकाळची वाट बघू नका, तेव्हाच फोन करा. मला तसं झालं नाही, पाच दिवस पोट फुगलेलं आणि बारा दिवसांनी पाळी, तीही जरा जोरातच.

मला मेसेज करून तिशी-बत्तिशीच्या मुली विचारतात करू का. मी हो किंवा नाही म्हणत नाही, मला तुमचं वय, तुमचा रिपोर्ट, तुमचं मन माहीत नाही. आणि गोठवणाऱ्या बहुतेक जणी ती बीजं वापरायला परत येतच नाहीत, कुणाला नंतर आपोआप मूल होतं, कुणाचा विचार बदलतो, हेही माहीत असू द्या. एवढं नक्की सांगेन की वय लपवून गोड बोलणाऱ्या क्लिनिकपेक्षा कागदावर गणित मांडणारं क्लिनिक निवडा, आणि ४० च्या पुढे असाल तर आधी ते गणित, मगच इंजेक्शन.

गेल्या आठवड्यात भाड्याची आठवण आली, भरलं. बीजं वितळवायची वेळ आली तर मी याच लॅबकडे जाईन, दुसरीकडे हलवणार नाही. फक्त त्या दिवशी किती टिकली, किती फलित झाली, किती उरली हे मला ॲपवर नकोय. ते मला त्याच एम्ब्रियॉलॉजिस्टच्या तोंडून, समोर बसून, रोजच्या रोज ऐकायचंय, आणि तसं मी त्यांना आत्ताच लिहून दिलंय.